अंजिराच्या काडीला पानं फुटतात, मुळं फुटत नाहीत आणि महिनाभरात काळी पडते: नक्की कुठे चुकतंय?

आधी प्रॉब्लेम काय तो सांगतो, म्हणजे ज्यांचा हाच आहे ते पुढे वाचतील. अंजिराची काडी आणली, घरात ग्लासात लावली, दहा-बारा दिवसांत वरचा डोळा फुगला, मस्त हिरवा कोंब आला, दोन पानंसुद्धा उघडली, घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवून झालं, बहिणीला फोटो गेला, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका सकाळी बघतो तर पानांनी मान टाकलेली. घाबरून पाणी घातलं, संध्याकाळपर्यंत अजून वाईट. शेवटी काडी उपटली तर एक मूळ नाही, बूड काळं, साल हाताला चिकटून येते आणि वास असा की खिडकी उघडावी लागते.

माझं हे सलग दोन वर्षं झालं. पहिल्या वर्षी सहाच्या सहा गेल्या. दुसऱ्या वर्षी आठातली एक जगली, आणि ती कुठली तर जी दिवाळीच्या साफसफाईत बायकोने उचलून फ्रीजवर ठेवली आणि मी पार विसरून गेलो ती. तिसऱ्या वर्षी दहातल्या आठ लागल्या. त्यामुळे आता थोडंफार बोलायचा अधिकार आहे असं समजतो. पुण्यात धायरीत राहतो, चौथा मजला, पश्चिमेची बाल्कनी, बाग वगैरे काही नाही, जे काय आहे ते घरातच.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा की पान फुटलं म्हणजे काडी लागली असं नाही. अंजिराच्या काडीत आधीचं साठवलेलं अन्न आणि पाणी असतं, जरा ऊब मिळाली की डोळे त्या साठ्यावर फुटतात, त्याला मुळं लागतच नाहीत. म्हणजे नोकरी नाही आणि पीएफ मोडून रोज हॉटेलात जेवण चालू आहे असं समजा, दोन-तीन आठवडे थाट एकदम भारी. अंजिराचं पान मोठं, त्यातून पाणी उडतं भरपूर, खालून पाणी ओढायला मुळं नाहीत, मग एक दिवस साठा संपतो आणि सगळं एकदम बसतं. आणि नेमकं त्या वेळी आपण काय करतो, तर पानं सुकली म्हणून पाणी घालतो. पाणी ओढायलाच कोणी नाही, ते नुसतं बुडाशी साचतं आणि जे काही मूळ फुटायची शक्यता होती तीपण कुजते.

हे मला आमच्या मामांनी सांगितलं, म्हणजे बायकोचे मामा, सासवडच्या पुढे त्यांची अंजिराची बाग आहे. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे रडगाणं गायलो की मी रोज बघतो, रोज पाणी देतो, तरी मरतात, तर ते म्हणाले, "जावईबापू, काडी हाय ती, लोनचं न्हाय, रोज झाकान उघडून बघायला." ते स्वतः काय करतात तर सावलीतल्या वाफ्यात काड्या खुपसतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. आपल्याकडे वाफा नाही आणि दुसरं कामही नाही, तिथेच घोळ.

तर तपासणी कशी करायची. मेलेली काडी लगेच फेकू नका, आधी बघा कुठल्या टोकाकडून मेली. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

बुडाकडून काळी, मऊ, वास येतोय: पाणी जास्त झालं. शंभरातल्या ऐंशी लोकांचं हेच असणार असा माझा अंदाज (अंदाजच, मोजलेलं नाही). वरून खाली वाळत आली, टोक सुरकुतलेलं, बूड मात्र बरं दिसतंय: वरचा काप उघडा राहिला किंवा हवा कोरडी पडली. पूर्ण काडी बारीक होऊन तिच्यावर उभ्या सुरकुत्या: काडी आणली तेव्हाच निम्मी वाळलेली होती. आणि चौथा प्रकार, महिना-दीड महिना काहीच होत नाही, ना कुजली ना फुटली, नखाने साल खरवडली तर आत हिरवी, म्हणजे जिवंत आहे पण गारठलीये. हा चौथा प्रकार पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हमखास.

आता एकेक बघू.

पाण्याचं आधी, कारण मी सगळ्यात जास्त त्यातच मार खाल्ला. पहिल्या वर्षी मी कुंडीतली तांबडी माती आणि गांडूळखत अर्धं अर्धं घेतलं होतं, म्हटलं पौष्टिक. काडीला पौष्टिक काही नको असतं, मुळंच नाहीत तर खाणार कशाने, उलट त्या खतात बुरशी आणि चिलटांची मजा. दुसऱ्या वर्षी नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घेतला, विटेसारखा ब्लॉक येतो तो, बादलीत भिजवला, फुगला, तसाच ओला चिंब ग्लासात भरला. कोकोपीटचं असं आहे की वरून कोरडं दिसतं आणि आत स्पंजसारखं पाणी धरून बसलेलं असतं, आपण वरचा रंग बघून पाणी घालतो आणि खाली डबकं.

आता करतो ते असं. कोकोपीट दोन-तीनदा साध्या पाण्यात धुवून घेतो, कारण बऱ्याच ब्लॉकमध्ये मीठ असतं, पहिलं पाणी चहासारखं निघतं ते टाकून द्यायचं. मग जुन्या पंच्यात बांधून पिळतो, बायको म्हणते श्रीखंडाचा चक्का बांधल्यासारखं चाललंय, आणि खरंच तसंच. पिळल्यावर त्यात तेवढंच परलाइट (नर्सरीत मिळतात ते पांढरे हलके खडे) मिसळायचं. मग एक मूठ घेऊन जोरात दाबायची. धार लागली तर फार ओलं, पसरून ठेवा वाळत. एखाद-दुसरा थेंब बोटांच्या फटीत आला किंवा नुसती बोटं ओली झाली तर बरोबर. दाबून सोडल्यावर गोळा लगेच भुसभुशीत होऊन पडला तर कोरडं. ही मुठीची टेस्ट जमली की अर्धी लढाई इथेच संपते, सिरियसली.

परलाइट नसेल तर जाड वाळू चालते, चाळून धुतलेली, बांधकामाची बारीक भुकटी नको, ती चिखल करते.

ग्लास पारदर्शक घ्या. मी मस्तानी पार्सल येते ते उंच प्लॅस्टिकचे ग्लास वापरतो, तेवढंच आणखी एक निमित्त. तळाला पाच-सहा भोकं आणि बाजूनेही खालच्या बाजूला चार, सुई तापवून किंवा सोल्डरिंगने. बाहेरून वर्तमानपत्राची गुंडाळी करून रबरबँड लावायचा, म्हणजे आत अंधार राहतो आणि बघायचं असेल तेव्हा काडी न हलवता कागद सरकवून बघता येतं. पहिल्या वर्षी मी मातीच्या कुंडीत लावलेल्या, आत काय चाललंय कळायचा एकच मार्ग, उपटून बघणे. आणि मी बघायचो. दर रविवारी. अंजिराची कोवळी मुळं इतकी ठिसूळ असतात की नुसती काडी हलवली तरी तुटतात, म्हणजे त्या सहातली एखादी कदाचित लागलेलीही असेल, मीच मारली.

लावल्यावर पाणी कधी? माझं उत्तर वजनकाटा. किचनमध्ये केकसाठी घेतलेला डिजिटल काटा असतो ना, तो. भरल्या दिवशी माझा एक ग्लास काडीसकट ३१० ग्रॅम भरला, ते मार्करने ग्लासावर लिहिलं, आणि २७० च्या खाली गेल्याशिवाय पाण्याला हात लावला नाही. झाकलेल्या ग्लासाला ते व्हायला साडेतीन आठवडे लागले. साडेतीन आठवडे! आणि मी दुसऱ्या वर्षी दोन दिवसाआड पाणी घालत होतो. तुमचे आकडे वेगळे येतील, ग्लास वेगळा, मिश्रण वेगळं, पण पहिल्या दिवसाचं वजन लिहून ठेवणं महत्त्वाचं. काटा नसेल तर ग्लास उचलून हाताला सवय करा, काडी नसलेला, कोरड्या मिश्रणाने भरलेला दुसरा ग्लास शेजारी ठेवा तुलनेला. आणि पाणी घालायचंच तर दोन-तीन चमचे कडेकडेने, काडीच्या बुडाशी धार नको.

आता वरून वाळणारी काडी. याचं कारण घरोघरी डोक्यावर फिरत असतं, सीलिंग फॅन. हॉलमध्ये टीव्हीशेजारी काडी ठेवली आणि पाचवर पंखा, कोण जगेल. वरचा काप मेणाने बंद करायचा, साधी मेणबत्ती वितळवून जरा निवू द्यायची आणि टोक बुडवायचं, उकळतं मेण नको. फेव्हिकॉलचा जाड थर पण चालतो, मी दोन्ही केलंय, फरक दिसला नाही. आणि वरून झाकण हवंच, म्हणजे ग्लासावर दुसरा पारदर्शक ग्लास उपडा किंवा एक लिटरच्या बाटलीचं बूड कापून टोपीसारखं, किंवा मोठी झिपलॉक पिशवी. आत दमटपणा टिकला की पानांतून पाणी उडायचं प्रमाण कमी होतं आणि तो जो पीएफ आहे तो जास्त दिवस पुरतो, मुळांना तेवढा वेळ मिळतो. पावसाळ्यात पुण्यात हवा मुळातच दमट असते तेव्हा झाकलं नाही तरी एकवेळ निभावतं, पण तेव्हा कुजायची भीती दुप्पट, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मी या भानगडीत पडतच नाही.

झाकलेला ग्लास थेट उन्हात ठेवू नका प्लीज. आतमध्ये कुकर होतो. मुळं यायच्या आधी काडीला ऊन नकोच असतं, साधा खोलीतला उजेड पुरतो.

गारठलेल्या काडीचं सांगतो, कारण हे पुस्तकी माहितीत कोणी नीट सांगत नाही. मुळं फुटायला बुडाला साधारण २२ ते २६ अंश ऊब लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, कधी खालीही जातो, आणि आपल्याकडे घरात हीटर वगैरे प्रकार नाही. वर आपण ग्लास ठेवतो कुठे, तर बाल्कनीत फरशीवर. मी एक साधा थर्मामीटर घेऊन बघितलं, जानेवारीत सकाळी फरशीवर १७ आणि त्याच वेळी फ्रीजच्या वर २४. हीच ती विसरलेली काडी जगण्याची भानगड! तिला कोणी पाणी घातलं नाही, कोणी उपटून बघितली नाही आणि बुडाला चोवीस तास मंद ऊब. बूड उबदार आणि वरचा भाग जरा गार असेल तर मुळं आधी येतात, उलटं असेल, म्हणजे वरून खिडकीचं ऊन आणि खाली थंड फरशी, तर पानं आधी.

फ्रीजवर जागा नसेल तर सेट टॉप बॉक्स, राउटर यांच्या शेजारी चालतं, शेजारी म्हणतोय, वर नाही, पाणी सांडलं तर इंटरनेट जाईल आणि मग घरातून तुम्ही. सगळ्याच फ्रीजचं वरचं गरम होत नाही, काहींच्या बाजू गरम होतात, हात लावून बघा. काहीच नसेल तर खाली थर्माकोलचा तुकडा तरी ठेवा, फरशीशी संबंध तोडा.

म्हणूनच मी आता काड्या डिसेंबरात आणत नाही. सासवड-पुरंदरकडे मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या सुमाराला येणारं पीक धरायला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होते, तेव्हा बांधावर काड्यांचा ढीग पडलेला असतो, मामा म्हणतात न्या पोतंभर. दसऱ्याला दिवे घाट चढून जायचं, जेवायचं, काड्या घेऊन यायचं. ऑक्टोबर हीटला आपण सगळे शिव्या घालतो पण काड्यांना ती एकदम मानवते. ज्यांचा शेतकरी ओळखीचा नाही त्यांनी हडपसरच्या पुढे सोलापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये चौकशी करावी, काडीच मागा, नाहीतर सरळ रोपच गळ्यात मारतात. अर्थात रोप घेतलं तर ही सगळी कटकटच वाचते, पण मग हे वाचत कशाला बसलात.

काडी कशी निवडायची ते महत्त्वाचं. पेन्सिलीएवढी जाड, राखाडी-तपकिरी सालीची, पक्की. शेंड्याकडची हिरवी लुसलुशीत काडी बघायला छान वाटते पण ती कुजतेच, तिच्यात साठा नसतो. लांबी १५ ते २० सेंटीमीटर, तीन-चार डोळे तरी हवेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर. खालचा काप मी तिरका घेतो आणि वरचा सरळ, म्हणजे उलटी लावली जात नाही, हसू नका, दुसऱ्या वर्षी एक उलटी लावली होती. काडीला सुपारीएवढी बारकी फळं चिकटलेली असली तर ती खुडून टाका, जीव अडकतो पण ती पण साठाच खातात.

कापलं की पांढरा चीक येतो. तो वाहत्या पाण्याखाली धुवून टाकायचा आणि काडी तासभर सावलीत ठेवायची. चीक हाताला लागू देऊ नका, आणि लागला तर त्या हाताने उन्हात बसू नका, चिकावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. मी एका रविवारी भर दुपारी बाल्कनीत हाफ शर्टमध्ये कापत बसलो होतो, दोन दिवसांनी मनगटावर चट्टे आले, आईला वाटलं नागीण. ते डाग जायला दोन महिने लागले. हातमोजे घाला, संध्याकाळी कापा.

सगळ्या काड्या एकदम लावायच्या नसतील तर किंचित दमट, म्हणजे खरंच किंचित, वर्तमानपत्रात गुंडाळून झिपलॉकमध्ये घालून फ्रीजच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवा, काही आठवडे आरामात टिकतात. पण पिशवीवर नाव लिहा. आमच्याकडे आईने शेवग्याच्या शेंगा समजून पुडकं बाहेर काढलं होतं आणि एक काडी सोलायलाही घेतली, आमटी थोडक्यात वाचली.

रूटिंग हार्मोन, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारं औषध लागतं का? मिळत असेल तर हार्डवुडसाठी, म्हणजे पक्क्या काडीसाठी असते ती आयबीए पावडर घ्या, बूड ओलं करून चिमूटभर लावा, जास्तीची झटकून टाका. अंजीर तशी सोपी जात आहे, हार्मोन नसलं तरी लागते. माझ्या दहापैकी पाचांना लावलं, पाचांना नाही, चार-चार लागल्या दोन्हीकडे. तेव्हा पावडर नाही म्हणून अडून बसू नका. हळद लावली तर लावा. मध लावा म्हणून सांगणारे पण भेटतात, मी लावला होता, मुंग्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे रांग लावली, संपला प्रयोग.

आता मधल्या काळातल्या घाबरवणाऱ्या गोष्टी.

काडीवर पांढरे फुगीर ठिपके आले, तांदळाच्या कणीसारखे. बरेच जण बुरशी समजून घासून काढतात. अरे थांबा, तेच तर पाहिजे होतं! ते कॅलस (काप भरून यायला सालीतून येणारी गाठ) किंवा मुळाची सुरुवात आहे. कसं ओळखायचं, तर ठिपका कडक असतो, सालीतून फुटून आलेला दिसतो, पुसला जात नाही. बुरशी कापसासारखी, जाळ्यासारखी पसरते आणि कापसाच्या बोळ्याने पुसली जाते. मूळ पुढे सरकल्यावर त्याच्याभोवती बारीक पांढरी लव दिसते, बाटली धुवायच्या ब्रशसारखी, ती पण बुरशी नव्हे, मूळकेस आहेत.

खरी बुरशी आली तर मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ३ टक्क्यांचं, बोळ्याने तेवढाच भाग पुसायचा आणि झाकण रोज अर्धा तास उघडायचं. झाकणाच्या आतून थेंब ओघळत असतील तर मिश्रण जास्त ओलं आहे, बुरशीचं मूळ कारण तेच, ते वाळवल्याशिवाय पुसून उपयोग नाही. आणि लावण्याआधी काड्या जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून घेतल्या तर हा प्रकार खूपच कमी होतो. कात्री पण पुसून घ्या. एवढं साधं काम, पण मी दोन वर्षं केलं नव्हतं, बागेतली ताजी काडी म्हणजे स्वच्छच असणार असं वाटायचं.

चिलटं. केळ्यांवर फिरतात ती वेगळी, ही काळी, डासासारखी बारीक, ग्लासाच्या आसपास आणि काचेवर रेंगाळतात. मोठी झालेली काही करत नाहीत, पण त्यांच्या अळ्या मिश्रणात राहतात आणि कोवळी मुळं खातात. कायम ओलावा हेच त्यांचं आमंत्रण. वरचा थर वाळू द्या, वर बोटाच्या पेराएवढी जाड वाळू पसरा आणि शेजारी पिवळं चिकट कार्ड ठेवा, मार्केट यार्डात बियाणं-औषधांच्या दुकानांत मिळतं. खत घातलं नसेल तर शक्यतो येतच नाहीत.

पानं आधी आली आणि मुळं दिसत नाहीयेत, आत्ता काय करू? हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा. तीन-चार पानं असतील तर सगळ्यात वरचं एक छोटं ठेवा, बाकी कात्रीने देठापाशी कापा. दोन कोंब असतील तर एक ठेवा. झाकण घाला, बूड उबदार जागी हलवा, पाणी अजिबात वाढवू नका आणि दहा दिवस काही करू नका. माझ्या मागच्या खेपेला दोन काड्या अशाच वाचल्या. पानं आली की उजेड थोडा वाढवा, खिडकीजवळ पण थेट ऊन नाही.

बूड काळं पडलंय पण वरचा भाग हिरवा आहे, अशी काडी पण वाचते. काळं जिथे संपतं त्याच्याही बोटभर वर स्वच्छ ब्लेडने कापा, काप पांढरट-हिरवा दिसेपर्यंत, तपकिरी वर्तुळ जरी दिसलं तरी अजून थोडं. चार-पाच तास सावलीत सुकू द्या, नव्या मिश्रणात, नव्या ग्लासात. जुनं मिश्रण बाल्कनीतल्या मोगऱ्याला टाका. दोनच डोळे उरले तरी करून बघा, जातंय काय.

नुसत्या पाण्यात बाटलीत मुळं आणता येतात का? येतात, अंजिराला येतात. पण ती मुळं मातीत गेल्यावर रुसतात, आणि दोन दिवसाआड पाणी बदलायचं विसरलात की बूड कुजलंच. मला ते जमलं नाही, ज्यांना जमतं त्यांना नमस्कार.

मुळं साधारण तीन ते पाच आठवड्यांत ग्लासाच्या भिंतीला दिसायला लागतात. एक मूळ दिसलं की लगेच कुंडीत हलवायची घाई होते, तिथे माझी दुसऱ्या वर्षीची एक चांगली लागलेली काडी गेली. मुळाला फाटे फुटू द्या, दोन-तीन बाजूंनी मुळं दिसू द्या, पांढरी मुळं जरा तपकिरी होऊ द्या, म्हणजे अजून दोनेक आठवडे. हलवताना ग्लास कात्रीने उभा कापायचा आणि सगळा गोळा तसाच उचलून ठेवायचा, झटकायचा नाही. कुंडी लहान, एक-दीड लिटरची. लोक थेट पंधरा इंची कुंडीत लावतात, एवढ्याशा मुळांना ती सगळी ओली माती कधी संपत नाही आणि परत तेच, बूड कुजणे. माती, वाळू, कोकोपीट असं हलकं घ्या, शेणखत अगदी मूठभर आणि तेही जुनं.

झाकणातून बाहेर काढणं पण एकदम नको. पिशवीला पहिल्या दिवशी दोन भोकं, दोन दिवसांनी आणखी चार, मग संध्याकाळी तासभर पूर्ण उघडी, असं आठ-दहा दिवस. पान मलूल दिसलं की एक पायरी मागे. आणि बाहेर बाल्कनीत न्यायचं तर सकाळचं कोवळं ऊन आधी. माझी पश्चिमेची बाल्कनी एप्रिलमध्ये दुपारी तवा असतो, घरात वाढलेलं पान तिथे एका दिवसात कागदासारखं पांढरं पडलं. तशी वेळ आली तर हिरवं नेट लावा, किंवा जूनपर्यंत थांबा.

जात कुठली घ्यावी, यावर फार डोकं चालवू नका. हल्ली बाहेरच्या देशातल्या नावाच्या काड्या चांगल्याच महाग विकतात. त्यातली स्मिर्ना प्रकारातली असेल तर तिला फळ धरायला एक विशिष्ट बारीक गांधीलमाशी लागते, ती इकडे नाही, फळं छोटी असतानाच गळतात, मग काडी लागून उपयोग काय. आपल्या पुरंदरच्या बागांमधलं जे पूना अंजीर आहे त्याला परागीभवन लागतच नाही, आणि त्या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे घाटापलीकडे फुकट मिळणारी काडी काही कमी दर्जाची नाही. चौकशीच करायची तर पुरंदर तालुक्यात जाधववाडीला कृषी विद्यापीठाचं अंजीर-सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. आणि सुक्या अंजिराच्या बिया पेरून झाड येईल का असं विचारणाऱ्यांना: रोप येईलही, पण फळ कसलं येईल, येईल की नाही, याचा भरवसा नाही, काडीच लावा.

एक शेवटचं, कारण यात मी स्वतः जिवंत झाड फेकलंय. त्या फ्रीजवाल्या काडीचं छान दोन फुटी रोप झालं होतं, पुढच्या थंडीत पानं पिवळी पडून एकेक करत सगळी गळली. मला वाटलं मेलं, परत तेच, आणि वैतागून कुंडी मोकळी केली. उपटल्यावर बघतो तर मुळं पांढरी, टणक, एक नंबर. अंजीर थंडीत पानं टाकतं, ते नॉर्मल आहे. तेव्हा नखाने जरासं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर पाणी अगदी कमी करा, आठ-दहा दिवसांतून एकदा घोटभर, खत बंद, आणि कुंडी कोपऱ्यात सरकवून ठेवा. थंडी सरली, ऊन तापायला लागलं की टोकाचा डोळा फुगतो, तो फुगल्यावरच पाणी वाढवायचं.